शैला फणसेच्या नावाने

देवासच्या औद्योगिक क्षेत्रातल्या एका गिअरच्या कारखान्यात शैला फणसे तपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. भट्टीतून निघालेल्या गिअरांचा कडकपणा मशीनवर मोजायचा, आकडा वहीत लिहायचा, मग हिरव्या अक्षरांच्या टर्मिनलवर स्वतःच्या नावाने लॉगिन करून तोच आकडा कॉम्प्युटरमध्ये भरायचा, असं तिचं काम. धारहून येऊन ती भवानीबाईंच्या घरात एक खोली भाड्याने घेऊन राहत होती. चार वर्षांत तिच्या कामाबद्दल कुणी वाकडा शब्द काढला नव्हता.

१९९९च्या ऑगस्टमध्ये ट्रॅक्टरच्या एकशे चाळीस गिअरांचा एक लॉट तिच्यापुढे आला. आकडा अठ्ठावन्नच्या वर हवा होता, तो सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसला अडकत होता. तिने दहा गिअर तपासले, मग आणखी दहा. सगळे मऊ. तिने लॉट नापास केला, तशी नोंद भरली आणि साडेपाचच्या बसने घरी गेली.

ऑक्टोबरात खातेगावजवळ उतारावर एका ट्रॅक्टरचा गिअर तुटला. ट्रॅक्टर उलटला आणि चालवणाऱ्याचा उजवा पाय गुडघ्यापासून गेला. तुटलेल्या गिअरवर लॉटचा नंबर होता. तोच लॉट. कॉम्प्युटरमध्ये तो पास दिसत होता. सत्तावीस ऑगस्टला, संध्याकाळी सात वाजून बेचाळीस मिनिटांनी, शैला फणसे या नावाने लॉगिन करून कुणीतरी अठ्ठेचाळीसचे एकोणसाठ केले होते.

चौकशीला सहाजण बसले होते. ती नोंद छापलेला कागद आणला होता मार्तंड खासनीस यांनी. ते कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख होते. कारखान्याचा सर्व्हर त्यांनी स्वतः उभा केला होता, एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून लिनक्स चढवून, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता. शैला त्यांच्या घरी हळदीकुंकवाला जायची. त्यांच्या पत्नी कुसुमावती तिला चैत्रगौरीला मुद्दाम बोलावून घ्यायच्या, "माहेर लांब आहे पोरीचं" म्हणत.

"मी त्या वेळी घरी होते," शैला म्हणाली. "सहाला पोचले होते. भवानीबाईंना विचारा."

भवानीबाईंना कुणी विचारलं नाही. खासनीसांनी विचारलं, "तुझा पासवर्ड तू कुणाला दिला होतास का?"

"नाही. कुणालाच नाही."

"मग बघ शैला, मशीन काही कुणाचा दुस्वास करत नाही. जे घडलं ते लिहून ठेवतं."

खरं बोलून तिने स्वतःच स्वतःची वाट बंद केली होती, पण हे तेव्हा तिला कळलं नाही. वहीतला आकडा दाखवावा म्हणून ती लॅबमध्ये धावत गेली, तर वही कपाटात नव्हती. स्वतःची चूक झाकायला तिने आकडा बदलला, असा निकाल लागला आणि तिला काढून टाकलं.

शेवटच्या दिवशी हिशेबाच्या कागदांवर सह्या करून ती बाहेर पडली, तर गेटवर खातेगावची माणसं उभी होती. त्या ड्रायव्हरची बायको, गुड्डी, विशीतली पोर, कडेवर मूल. आतून कुणीतरी तिला बोट करून दाखवलं असणार. ती पुढे आली आणि शैलाच्या तोंडावर थुंकली. गेटवर साठ-सत्तर माणसं होती. शैलाने पदराने तोंड पुसलं आणि बसस्टँडपर्यंत चालत गेली.

धारला वडील होते. मोरोपंत फणसे बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, घरात अजून जुन्या वळणाचं मराठी बोलणारे. त्यांनी आठ दिवस काही विचारलं नाही. नवव्या दिवशी पूजा आटोपून उठता उठता म्हणाले, "शैले, एकदाच विचारतो. तुझ्या हातून झालं का ते?"

"नाही, बाबा."

"बरं," म्हणाले, आणि सोवळं सोडायला आत गेले. त्यांनी विश्वास ठेवला असेलही. पण त्यांना विचारावं लागलं, हे शैलाच्या मनात जे रुतलं ते निघालंच नाही. पुढे कुणी पाहुणे आले की मोरोपंत तिच्या नोकरीचा विषय निघायच्या आत दुसरंच काही काढायचे. ते २००३मध्ये गेले, तोवर हे असंच चाललं.

धारच्या बसस्टँडमागे तरुण व्यास नावाच्या माणसाने कॉम्प्युटर क्लास काढला होता. सगळे त्याला तिकडच्या बोलीत तरुण भिया, म्हणजे भैया, म्हणत. शैला घरात बसून कंटाळली होती म्हणून जायला लागली. दुसऱ्या महिन्यात एके दिवशी तो मशीनवर खाती कशी उघडायची ते शिकवत होता. प्रत्येकाच्या नावाने एकेक खातं, प्रत्येकाला आपापला पासवर्ड.

"और ये सबका बाप," तो म्हणाला, "रूट. इसको सब माफ है. अब देखो."

त्याने रूट म्हणून लॉगिन केलं, मग दोन अक्षरांचा एक हुकूम टाइप केला आणि पुढे लिहिलं: शैला. पडद्यावर तिचं नाव आलं. पासवर्ड विचारलाच नाही.

"मशीन के हिसाब से अब मैं शैला दीदी हूँ. मैं जो करूँगा, इनके नाम पे लिखा जाएगा."

वर्गातली पोरं हसली. शैला उठून बाहेर आली, भिंतीला टेकून उभी राहिली. कारखान्यात रूटचा पासवर्ड एकाच माणसाला माहीत होता. तो माणूस चौकशीत तिच्यासमोर बसून म्हणाला होता, मशीन दुस्वास करत नाही.

ती परत आत गेली आणि म्हणाली, "भिया, फिर से दिखाओ."

त्यानंतरची पाच वर्षं ती शिकत राहिली. बाकीचे नोकरीसाठी शिकत होते. ती एका माणसासाठी शिकत होती. कुणाला कोणता अधिकार द्यायचा, कोणता काढायचा, कोण कधी कुणाच्या नावाने आत शिरला हे मशीन कुठे लिहून ठेवतं, ते लिहिलेलं कसं पुसतात, पुसलं तरी कुठे राहून जातं. तरुण भियाने इंदूरला कंपनी काढली तेव्हा तो तिला बरोबर घेऊन गेला. सर्व्हरच्या कामात तिच्याइतकं बारीक बघणारं माणूस त्याच्याकडे दुसरं नव्हतं.

२००५च्या जूनमध्ये तरुण भियाने एक फाइल तिच्यासमोर ठेवली. देवासचा तोच कारखाना. जुना सर्व्हर काढून नवा बसवायचा होता, सगळी खाती नव्याने लावून द्यायची होती, आणि वर्षभर देखभाल.

"तू तो देवास में रही है ना? तू ही चली जा," तो म्हणाला. आधीचं सगळं तिने त्याला कधी सांगितलं नव्हतं.

"जाते," ती म्हणाली.

डायरेक्टर नवे होते, त्यांना जुनं काही माहीत नव्हतं. खासनीस मात्र तिथेच होते, चौपन्न वर्षांचे, केस पांढरे झालेले, सर्व्हरच्या त्याच काचेच्या खोलीत. तिला पाहून ते अर्धवट उठले.

"अगं शैला! किती वर्षांनी! बरी आहेस ना?"

"बरी आहे. रूटचा पासवर्ड लागेल, साहेब. आजपासून तो माझ्याकडे राहील. करारात तसं आहे."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. हरकत घेतली असती तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगितलं असतं तर १९९९ उघडलं असतं. त्यांनी एका चिठ्ठीवर पासवर्ड लिहून दिला. शैलाने तो तिथल्या तिथे बदलला.

नव्या सर्व्हरवर तिने कुणाला काय करता येईल याची यादी लिहिली. स्टोअरच्या माणसाला स्टोअर, लॅबला लॅब, भगवंत ऑपरेटरला बॅकअप आणि प्रिंटर. मार्तंड खासनीस यांचं नाव तिने साध्या यूझरांत टाकलं. ईमेलची पत्रं वाचणं, पत्रं लिहिणं, एवढंच. डायरेक्टरने विचारलं तर ती म्हणाली, "ज्याला जेवढं काम, तेवढाच अधिकार. नियम आहे." नियम खराच होता.

पहिल्याच सोमवारी खासनीसांनी सवयीने एक हुकूम दिला. मशीनने सांगितलं की तुमचं नाव यादीत नाही, आणि या प्रकाराची खबर वर दिली जाईल. खबर शैलाकडे आली. तिने चहा मागवला आणि ती खबर दोनदा वाचली. त्या आठवड्यात अशा अकरा आल्या. तिने एकही खोडली नाही.

मग ते स्वतः येऊ लागले.

"शैला, प्रिंटरची लाइन अडकली आहे, तेवढी मोकळी..."

"अर्ज द्या."

"अगं, दोन मिनिटांचं काम."

"फॉर्म भगवंतकडे आहे. कारण लिहा, खाली सही करा. आणि ऑफिसमध्ये मॅडम म्हटलंत तर बरं."

त्यांनी फॉर्म भरला. ती त्यांना बाकावर बसवायची आणि समोर दुसरं काम काढायची. येणारे-जाणारे बघायचे. ज्या माणसाने वीस वर्षं सगळ्यांना ताटकळत ठेवलं होतं तो हातात कागद धरून बसलेला पाहून लोकांना मजा वाटायला लागली. जुलैत कुणीतरी त्यांच्या पाठीमागे त्यांना 'अर्जवाले साहेब' म्हणायला लागलं. शैलाने ते ऐकलं आणि तिला आत गोड वाटलं. इतकं गोड, की दुसऱ्या दिवशी तिने त्यांचा अर्ज तारीख चुकली म्हणून परत केला.

पण पुरावा हाती नव्हता. जुन्या सर्व्हरवर त्या महिन्याच्या नोंदी नव्हत्याच, कुणीतरी नीट पुसल्या होत्या. कुणी, ते सांगायला नको.

ऑगस्टच्या सुरुवातीला ती भगवंतबरोबर जुनं लोखंडी कपाट रिकामं करत होती. खालच्या कप्प्यात बॅकअपच्या टेपा होत्या, एकेका महिन्याची एकेक, वर पांढरी चिठ्ठी.

"ह्या मीच घ्यायचो, दर महिनाअखेरीस," भगवंत म्हणाला. "पूरी मशीन उतर जाती थी इसमें. साहेबांनी कधी विचारलं नाही, मीही टाकल्या नाहीत."

शैलाने एकेक चिठ्ठी वाचत टेपा काढल्या. एकतीस ऑगस्ट, एकोणीसशे नव्याण्णव. घटनेनंतर चार दिवसांनी घेतलेली. नोंदी पुसल्या गेल्या ऑक्टोबरात, चौकशी सुरू झाल्यावर.

टेप वाचायला दोन तास लागले. मग पडद्यावर चार ओळी आल्या. सत्तावीस ऑगस्ट. सात अडतीसला खासनीस आपल्या नावाने आत आले. सात चाळीसला ते रूट झाले. सात बेचाळीसला रूटची शैला झाली. सात सत्तावन्नला शैला बाहेर पडली. सगळं त्या काचेच्या खोलीतल्या मशीनवरून, जिची किल्ली त्यांच्या कमरेला असायची.

तिला वाटलं होतं की हे पाहून ती रडेल. ती रडली नाही. तिने त्या चार ओळींच्या सहा प्रती छापल्या. एकदा मनात आलं, की आता रूट तीच आहे; क्षणात मार्तंड खासनीस होऊन त्यांच्या नावाने हवं ते लिहू शकते. तिने विचार केला आणि सोडला. दया आली म्हणून नव्हे. त्यांचंच केलेलं पुरेसं होतं. त्यात खोट्याची भर घालून ते हलकं कशाला करायचं?

दुपारी तिने त्यांना बोलावलं आणि कागद पुढे ठेवला. ते खूप वेळ वाचत राहिले.

"साहेबांनी सांगितलं होतं," ते शेवटी म्हणाले. "तेव्हाचे वर्क्स मॅनेजर. महिनाअखेर होती, लॉट जायलाच हवा होता. म्हणाले, आकडे ठीक कर दो. माझी मुलगी तेव्हा..."

"माझं नाव घ्यायला कुणी सांगितलं?"

"लॅबच्या नावानेच उघडायचं ते. दुसरा मार्ग नव्हता."

"आणि वही?"

त्यांनी कागद उलटा करून ठेवला.

"रविवारी सकाळी जीप घेऊन येते," शैला म्हणाली. "खातेगावला जायचं आहे."

"खातेगावला? कशाला? शैला... मॅडम, मी तुम्हाला लेखी माफी देतो. मराठी समाजात सगळ्यांसमोर सांगतो."

"तेही सांगा. पण गेटवर माझ्या तोंडावर जी थुंकली तिला आधी. कागद तर तिच्याकडे जाणारच आहे, तिची भरपाईची केस लढवलेल्या वकिलाकडेही. तुम्ही तोंडाने सांगता की मी सांगू, एवढंच तुम्ही ठरवायचं."

रविवारी ते आले. वाटेत चापडा, कन्नौद, सोयाबीनची हिरवी शेतं. तीन तासांचा रस्ता. खातेगावच्या मंडीपलीकडे एका टपरीपुढे गुड्डीचा नवरा सायकलचं पंक्चर काढत बसला होता. लाकडी पाय बाजूला काढून ठेवलेला. गुड्डी आतून बाहेर आली. आता ती अंगाने भरली होती, पण डोळे तेच. तिने शैलाला लगेच ओळखलं.

"तू वोज है नी? गिअर वाली?"

"हो," शैला म्हणाली. "ये साहब कुछ बताने आए हैं."

खासनीसांनी सांगितलं. उभ्याने, हात जोडून, तुटक हिंदीत. मधे दोनदा थांबले, दोन्ही वेळा शैला म्हणाली, "आगे." सांगून झाल्यावर गुड्डी शैलाकडे वळली.

"मतलब तूने नहीं किया था."

"नहीं."

"तो छह साल क्या कर रही थी? अब बताने आई?"

शैलाकडे उत्तर होतं, पण ते त्या टपरीपुढे फार लांबलचक वाटलं असतं. गुड्डीने माफी मागितली नाही, आणि शैलाला ती मागितली जावी असं वाटलंही नाही. गुड्डीने पायातली चप्पल काढली आणि खासनीसांच्या खांद्यावर, मानेवर, मिळेल तिथे चार-पाच तडाखे दिले. त्यांनी हात वर केला नाही. शैलानेही कुणाला आवरलं नाही. ती जीपला टेकून शेवटपर्यंत बघत राहिली.

मग नवरा, जो इतका वेळ ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता, त्याने मान वर केली.

"ऐसे कितने गिअर थे, बाबूजी?"

"एकशे... एक सौ चालीस."

"एक तो मेरा. बाकी के?"

खासनीस शैलाकडे बघायला लागले. सहा वर्षं तिने त्या आकड्यांचा, त्या वेळेचा, त्या माणसाचा विचार केला होता. बाकीचे एकशे एकोणचाळीस गिअर कुठल्या ट्रॅक्टरांत बसले असतील, हे तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं. स्वतःच्या नावापलीकडे तिने पाहिलंच नव्हतं.

सोमवारी तिने ती टेप परत लावली. लॉट सुटे भाग म्हणून कुठल्या कुठल्या डीलरांकडे गेला ते त्यातच होतं: सरदारपूर, अमझेरा, बदनावर, कन्नौद, हाटपिपल्या. तिने यादी छापली, त्या चार ओळींची प्रत जोडली आणि डायरेक्टरच्या टेबलावर ठेवली.

त्यांनी दार लावून घेतलं. "मॅडम, छह साल हो गए. खासनीस को हम हटा देते हैं, आपको चिट्ठी दे देते हैं, आपका नाम साफ. ये लिस्ट रहने दीजिए."

हीच चिठ्ठी तिला सहा वर्षं हवी होती. मोरोपंतांच्या हयातीत मिळाली असती तर तिने ती त्यांच्या देवघरात ठेवली असती.

"यादी आधीच गेली," ती म्हणाली. "डीलरांना, आणि गुड्डीच्या वकिलाला."

हे खोटं होतं. यादीच्या बाकीच्या प्रती अजून तिच्या पिशवीतच होत्या. बाहेर पडून ती सरळ पोस्टात गेली आणि सगळी पाकिटं रजिस्टरने पाठवली.

पुढे व्हायचं ते झालं. कारखान्याने तरुण भियाचा करार मोडला. तरुण भिया दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "पहले बता देती तो मैं भी चलता, यार." सरदारपूरच्या डीलरचं पत्र आलं, की दोन ट्रॅक्टर आधीच मोडून भंगारात गेले, तिसऱ्याचा गिअर बदलला. काही ठिकाणांहून उत्तरच आलं नाही. कोर्टात खातेगावची केस परत उभी राहिली. खासनीसांना निलंबित केलं, जुन्या वर्क्स मॅनेजरला पुण्याहून साक्षीला यावं लागलं. ज्या समाजात शैलाला हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली होती, तिथे आता कुसुमावतींना बंद झाली.

पुढच्या वर्षी गणपतीच्या आधी कुसुमावती इंदूरला तिच्या ऑफिसात आल्या. बसायला सांगितलं तरी बसल्या नाहीत.

"ते जेवत नाहीत," त्या म्हणाल्या. "दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतात. मी तुला लेकीसारखं वागवलं होतं गं. तू एकदा कोर्टात सांग, की त्यांनी वरच्यांच्या दबावाखाली केलं."

"दबाव होता, ते त्यांनी सांगावं. मला जे माहीत आहे तेच मी सांगणार."

"चुकलं त्यांचं. पण इतकं? आता तरी झालं का तुझं समाधान?"

शैलाने खरंच विचार केला. खोटं बोलून या बाईला बरं वाटेल असं काहीतरी सांगता आलं असतं. बाहेर तरुण भियाची नवी बॅच जमत होती, खुर्च्या सरकत होत्या.

"हो, काकू," ती म्हणाली. "झालं."

कुसुमावती पदर सावरून जिना उतरून गेल्या. शैला उठली आणि वर्गात गेली. अठरा मशीनं, अठरा नवी नावं. तिने सगळ्यांना पहिल्यांदा आपापला पासवर्ड बदलायला सांगितलं.